काळ्या ओढ्याचा नमुना

१ सप्टेंबर, सोमवार

उरले तीस दिवस. तीस तारखेला दिवस मावळला की ट्राउट माशांचा हंगाम संपतो आणि गळाच्या काठ्या मार्चपर्यंत खुंटीला लागतात. ऑगस्टभर आमची किल्वी नदी घोट्याएवढी होऊन पडली होती. शनिवारी डोंगरात पाऊस झाला, पाणी गार झालं, आणि आज पुलाखाली पाच ठिकाणी वर्तुळं उठताना दिसली. मासे परत माश्या खायला वर यायला लागलेत.

वही नवी. जुनी जुलैत भरली. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, प्यावंसं वाटलं की त्याऐवजी लिहा. दारू सुटली, वही सुटली नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यानंतरचे ते सहा महिने माझ्या बायकोला, नेस्टाला, माहीत आहेत आणि माझ्या जुन्या दोस्ताला, गेथिनला. गावात तिसऱ्या कुणाला नाहीत. तेव्हा गेथिन चाळीस दिवस रोज सकाळी सहाला दारात येऊन उभा राहायचा. उपदेश नाही, काही नाही. "चल, पाणी बघून येऊ," एवढंच. सहाशे मेंढ्या मागे टाकून यायचा. हे मी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.

२ सप्टेंबर, मंगळवार

चॅपलच्या मागच्या खोलीत गळासाठी नकली माश्या बांधायचा वर्ग. सातजण आले. छोट्या शेगड्यात, म्हणजे स्क्रूच्या पकडीत, गळ पकडायचा, त्यावर रेशीम, सशाच्या कानाची लव आणि तितराचं पीस गुंडाळायचं, की पाण्यात बुडालेल्या माशीसारखं दिसतं. सांगायला एवढंच, हाताला यायला दहा वर्षं.

टॅम्सिनला मात्र एका वर्षात येतंय. ती चार वर्षांपूर्वी कॉर्नवॉलहून आली. आधी रुग्णवाहिका चालवायची. आता काळ्या ओढ्याच्या उगमाजवळचं शेत भाड्याने घेऊन पस्तीस मेंढ्या राखते. गावच्या मासेमारी क्लबात तिला मीच आणलं.

"पीस एकदाच गुंडाळ," मी म्हटलं. "माशी आहे, कोंबडी नाही."

"गेल्या मंगळवारी तुम्ही दीड वेढा सांगितलात."

"गेल्या मंगळवारी तुला जमत नव्हतं."

तेवढ्यात गेथिन डोकावला. क्लबचा अध्यक्ष म्हणून तो दर वर्गाला एकदा डोकावतोच. म्हणाला, "काय गं, मेंढ्या सोडून रेशीम गुंडाळत बसलीस?"

"पस्तीसच आहेत, गेथिन. एकेकीला नावानिशी ओळखते. तुमच्या सहाशेंची नावं पाठ आहेत का तुम्हाला?"

सगळे हसले. गेथिनही हसला, जरा उशिरा.

७ सप्टेंबर, रविवार

महिन्याची मोजणी. पुलाखाली तीन मिनिटं पायाने दगड ढवळायचे, खालच्या अंगाला जाळी धरायची आणि जाळीत येतील त्या अळ्या पांढऱ्या तबकात ओतून मोजायच्या. माश्या होण्याआधी या अळ्या वर्ष-दोन वर्षं पाण्यातच राहतात. त्या आहेत तर नदी जिवंत आहे. आज तीनशे बारा. सप्टेंबरच्या मानाने झकास.

मग गेथिनबरोबर काठाला बसून नेस्टाने दिलेला मनुकांचा पाव खाल्ला. त्याला दोन मासे मिळाले, मला एक, तोही वीतभर. सोडून दिला. गेथिन त्या माशाला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, पोस्टमन येऊन गेला."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेथिनकडे करवत परत करायला गेलो होतो. आठवडाभर पावसाचा थेंब नाही, तरी त्याच्या अंगणातल्या मेंढ्या मानेपर्यंत ओल्या, लोकर पिवळट. गेथिन फाटकाशीच आला आणि करवत तिथेच हातात घेतली. एरवी आत ये, चहा घे, असं सुरू करतो. आज म्हणाला, बायकोचं, डेलिथचं, डोकं दुखतंय. मेंढ्यांचं विचारलं तर म्हणाला, बाजारात न्यायच्यात म्हणून धुतल्या.

डांबरासारखा, औषधी, डोळ्यांत जाणारा वास येत होता. डेलिथ मागे ओढ्याच्या बाजूला बादल्यांनी पाणी ओतताना दिसली. डोकं दुखत असताना बिचारी एवढं काम करते.

१४ सप्टेंबर, रविवार

पुलाखाली दोन तास. एक मासा वर आला नाही. वारा पूर्वेचा, त्यामुळे असेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वर्ग संपल्यावर टॅम्सिन थांबली. म्हणाली, "इद्वल, पुलाखालचा तो पाणपक्षी कुठे गेला? पांढऱ्या छातीचा, दगडावर उठाबशा काढणारा."

"असेल कुठे तरी."

"चार दिवस नाही. तो नदीच्या तळाशी चालून अळ्या खातो ना? मग तळाशी काही उरलंय का बघायला नको?"

मी म्हटलं, मोजणी महिन्यातून एकदाच असते. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. रुग्णवाहिकेत रोग्याकडे अशीच बघत असेल.

१७ सप्टेंबर, बुधवार

मोजणी केली.

शून्य. तबकात स्वच्छ पाणी आणि वाळू. तीनदा जाळी घातली. तळाशी थोडी नळकांडी मिळाली. एक अळी स्वतःभोवती वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर करते, ती. घरं शाबूत, आतली अळी मेलेली. बाकी सगळं मरून वाहून गेलं असणार.

नदी चढत वर गेलो. काळा ओढा नदीला मिळतो त्याच्या खाली सगळं मेलेलं. त्याच्या वर दहा पावलांवर जाळी घातली तर तबक वळवळायला लागलं. म्हणजे विष ओढ्यातून आलंय. मेंढ्यांच्या खरजेचं औषध असणार. ज्यात मेंढ्या बुडवून काढतात ते. पेलाभर सांडलं तरी मैलभर नदी साफ. मासे लगेच मरत नाहीत, उपाशी राहतात.

ओढ्यावर शेतं दोनच. वर टॅम्सिन, खाली गेथिन.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सगळ्यात आधी गेथिनला सांगितलं. अध्यक्षाला आधी सांगायला हवं. त्याने कुंपणाचा खांब हलवून बघितला. मग म्हणाला, "गाजावाजा नको. आधी खात्री करू. ओढ्यातून दोन ठिकाणचं पाणी घ्यायचं: एक वर, टॅम्सिनच्या आणि माझ्या शेतामधल्या कुंपणाशी, आणि एक माझ्या मेंढवाड्याच्या खाली. कुंपणाशी अळ्या मेलेल्या असतील तर विष तिच्याकडून आलं. जिवंत असतील तर माझ्याकडून. सरळ हिशेब."

त्याने स्वतःचंही नाव घेतलं याचं मला बरं वाटलं.

"पण ओढ्याच्या त्या घळीत तुझा दुखरा गुडघा टिकायचा नाही," तो म्हणाला. "मी आणतो बाटल्या."

खरंच आहे. घळ उभी आहे आणि दगड शेवाळलेले.

नेस्टाला सांगितलं तर बटाटे सोलता सोलता म्हणाली, "हे बटाटे कोणी खणले?"

"मी."

"कधी?"

"परवा."

"दोन गोण्या. गुडघ्यावर बसून." आणि सोलत राहिली. तिचं बोलणं कधी कधी कुठून कुठे जातं कळत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गेथिनने बाटल्या आणल्या. झाकणांवर त्याच्याच अक्षरात लिहिलंय: 'कुंपण', 'मेंढवाडा'. दोन्हींत तळाशी वाळू आणि मेलेली नळकांडी. जिवंत काही नाही.

"कुंपणाशीसुद्धा?" मी विचारलं.

"कुंपणाशीसुद्धा. मलाही वाईट वाटतं रे. पोरगी मेहनती आहे. पण बाहेरून येतात, चार पुस्तकं वाचून मेंढ्या पाळतात, औषध कुठे ओतायचं एवढं कळत नाही."

मला भयंकर राग आला. त्या बाईने मलाच विचारलं होतं, पक्षी कुठे गेला म्हणून!

२१ सप्टेंबर, रविवार

पबच्या मागच्या खोलीत समितीची बैठक. पाचजण. गेथिनने बाटल्या टेबलावर ठेवल्या. खजिनदार बर्विन म्हणाला, "तिला बोलवून विचारायला हवं का?" गेथिन म्हणाला, "विचारलं तर नाहीच म्हणणार. तेवढ्या वेळात पुरावा धुऊन निघेल." टॅम्सिनचं सभासदत्व रद्द आणि नदीखात्याला तिच्याविरुद्ध तक्रार. चार हात वर झाले. बर्विनने चष्मा पुसला आणि मग पाचवा हात वर केला. पत्र मी लिहिलं. चिटणीस म्हणून सही माझी.

घरी नेस्टाने एवढंच विचारलं, "तिच्याशी कोण बोललं?"

"नियमाप्रमाणे पत्र गेलंय."

"बत्तीस वर्षं तू लोकांची पत्रं वाटलीस. कुठल्या दारात पत्र देऊन लगेच निघायचं आणि कुठल्या दारात थांबायचं, ते तुला कळायचं."

मी वर जाऊन झोपलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वर्गाला सगळे आधीच येऊन गप्प बसले होते. टॅम्सिन आली ती पत्र हातात घेऊन. बसली नाही.

"ही सही तुमची?"

"हो."

"मी मेंढ्यांना औषधात बुडवतच नाही. माझ्याकडे हौदही नाही. पस्तीसांना मी इंजेक्शन देते. शिश्या फळीवर आहेत, पशुवैद्याच्या पावत्या आहेत. येऊन बघायला तुम्हाला वीस मिनिटं लागली असती."

"नमुने घेतलेत," मी म्हटलं. "कुंपणाशी सगळं मेलंय."

"तुम्ही बघितलंत?"

"गेथिनने आणले."

ती हसली नाही, रडली नाही. "सबंध वर्ष इथे बसले," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, माशी बांधणाऱ्याने पुस्तक बघू नये, पाणी बघावं." मी उसना दिलेला शेगडा तिने टेबलावर ठेवला. रुमालात गुंडाळून आणला होता. स्क्रूला तेलही घातलं होतं.

ती गेल्यावर सगळे खाली माना घालून बांधत बसले. इंजेक्शनचं ती म्हणणारच. कुणीही म्हणेल. तरी मी त्या तासात बांधलेल्या तिन्ही माश्या ब्लेडने कापून टाकल्या. एकही नीट उतरली नव्हती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायला बसलोय खरा, पण अक्षर नीट येत नाही.

दुपारी वाटलं, शेवटच्या दिवसासाठी नळकांड्या अळीची नक्कल बांधावी. रंग जुळवायला खरी नळकांडी हवी होती आणि ती बैठकीनंतर माझ्याकडे राहिलेल्या गेथिनच्या बाटल्यांत होती. 'कुंपण' लिहिलेली बाटली पांढऱ्या बशीत ओतली आणि भिंग लावलं. राखाडी पाटीच्या दगडाचे कण, एकावर एक, कारागिरासारखे बसवलेले. आणि मध्ये मध्ये लाल.

आधी वाटलं, गंज. नखाने खरवडलं तर बोटावर पूड आली. वीट.

काळ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला वीट नाही. तिथे घरं दगडाची, कुंपणं दगडाची, डोंगरच पाटीचा. वीट एकाच ठिकाणी आहे. अठ्ठ्याण्णवच्या पुरात गेथिनच्या मेंढवाड्याखाली काठ खचला, तेव्हा डुकरांचं जुनं खोपट पाडून त्याच्या विटा आम्ही दोघांनी ढकलगाडीने ओढ्यात टाकल्या. दोन दिवस. माझ्या हाताला फोड आले होते. अळी जिथे राहते तिथलेच कण घराला लावते. आणि वीट पाण्याविरुद्ध वर चढत नाही.

दुसरी बाटली ओतली. तिच्यातही तसेच लाल कण.

दोन्ही बाटल्या एकाच जागी भरल्या आहेत. कुंपणापर्यंत तो गेलाच नाही.

नेस्टा दारात उभी होती. बशी बघून म्हणाली, "आता कळलं?"

"तुला केव्हा कळलं?"

"बाटल्या तो आणणार म्हणालास तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, इद्वल. बटाट्यांबद्दल."

२७ सप्टेंबर, शनिवार

घळ चढलो. कळ आली, दोनदा बसलो, पण चढलो. दीड तास लागला, बस्स. कुंपणाशी जाळी घातली. तबक नुसतं वळवळायला लागलं: चपट्या अळ्या, शेपटीवाल्या अळ्या, राखाडी नळकांडी, सगळं जिवंत. मोजायचं सोडून बघतच राहिलो.

मग उतरत आलो. शंभर पावलांवर जिवंत. दोनशेवर जिवंत. मेंढवाड्याच्या मागे, हौदातलं वापरलेलं औषध साठवायच्या टाकीला हातभर तडा आणि त्यावर ताजं सिमेंट. तिथून खाली काही नाही.

प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळ्या बाटलीत घेतलं, फोटो काढले, आणि वर काटेरी झुडपांपाशी उभ्या असलेल्या टॅम्सिनच्या मेंढ्यांकडे बघितलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. वर्ग मी रद्द केला.

एकतीस वर्षं या दिवशी आम्ही दोघं ओढा नदीला मिळतो त्याच्या वरच्या डोहावर भेटतो. ठरवावं लागत नाही. आजही गेथिन आधीच येऊन बसला होता. थर्मासच्या झाकणात माझा चहा ओतलेला.

मी चहा घेतला नाही. नळकांडी खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही 'कुंपण' बाटलीतली."

त्याने ती बोटाने फिरवली. बघितली. लगेच कळलं त्याला. विटा त्यानेही ओढल्या होत्या.

"टाकी आपोआप फुटली रे," तो म्हणाला. "मी ओतलं नाही. बाराला सकाळी बघतो तर निम्मी रिकामी. औषध न्यायला टँकर सोमवारी यायचा होता. सोमवार!"

"मग सांगायचं होतंस. अपघात होतो. नदीखात्याला फोन केला असतास, दंड झाला असता, संपलं असतं."

"पुढच्या महिन्यात शेत मुलाच्या नावावर व्हायचंय. असा ठपका लागला तर अनुदान जातं. तो टिकेल का मग?"

"आणि तिच्यावर ढकललंस."

"ती काय, चार वर्षांची पाहुणी. आज ना उद्या कंटाळून जाईल. मी कुठे जाऊ, इद्वल? माझे चार पिढ्यांचे लोक त्या चॅपलमागे पुरलेत."

मी त्याच्या तळहातावरची नळकांडी उचलून खिशात ठेवली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, खरोखरच गोंधळून.

"तुला माहीत नव्हतं?"

"कसं माहीत असणार?"

"बाराला तू फाटकाशी उभा होतास. मेंढ्या बघितल्यास. त्या वासाने तुझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मी 'बाटल्या मी आणतो' म्हटलं आणि तू गुडघ्यावर हात ठेवून 'बरं' म्हणालास. मला वाटलं, समजून गप्प आहेस. माझ्यासाठी. मी घरी जाऊन डेलिथला सांगितलं, इद्वल आपल्या बाजूने आहे."

समोर एक मासा वर आला. मोठा होता. दोघांनीही सवयीने मान वळवली. मग मी काठीचा दोर गुंडाळला आणि घरी आलो.

वहीत मागे जाऊन बाराची नोंद वाचली. वास, मेंढ्या, बादल्या, सगळं मीच लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

५ ऑक्टोबर, रविवार

टॅम्सिनच्या फाटकाशी गेलो. माफी मागितली. कशाबद्दल ते सगळं सांगितलं, विटेसकट. ती फाटकाच्या आत, मी बाहेर.

"हे तुम्ही मला सांगताय," ती म्हणाली. "दुकानात माझ्या पिठाचे पैसे घेताना ती बाई माझ्या हाताला हात लागू देत नाही. तिला कोण सांगणार? माफी मला नको. सगळ्यांसमोर उभे राहा."

नदीखात्याला नवं पत्र आणि बाटल्या शुक्रवारीच पाठवल्यात. क्लबची सभा शनिवारी दुपारी.

११ ऑक्टोबर, शनिवार

चॅपलच्या खोलीत चाळीसएक माणसं. नेहमीसारखी डेलिथ चहाच्या टेबलापाशी. गेथिन अध्यक्षाच्या खुर्चीत. टॅम्सिन शेवटच्या रांगेत, कोट न काढता.

मी उभा राहिलो. नमुन्यांचं, विटेचं, टाकीचं, सगळं सांगितलं. "एकवीस तारखेच्या पत्रावर सही माझी आहे," मी म्हटलं. "न बघता केली. गुडघ्यामुळे नाही. गेलो असतो तर दिसलं असतं, म्हणून गेलो नाही."

गेथिन मग हळूच, अगदी काळजीने म्हणाला, "मित्रहो, इद्वल माझा सगळ्यात जुना दोस्त आहे. हे सांगायला मला नको वाटतं. पण सहा वर्षांपूर्वी तो फार पीत होता. सकाळपासून. तेव्हा मीच त्याला सांभाळलं. तो त्रास परत सुरू झालाय असं मला वाटतं. आपण सगळ्यांनी त्याला समजून घेऊ या."

चाळीस चेहरे माझ्याकडे वळले. रागाने बघत असते तर सोसलं असतं. ते कीव करत होते. माझ्या पहिल्या पानावर दर वेळी लिहिलेली ती चाळीस सकाळींची गोष्ट त्याने अशी, चहाच्या कपासारखी, सगळ्यांत फिरवली. नेस्टाने माझी बाही घट्ट धरली. मला वाटतं, नाहीतर मी पडलो असतो.

"पुरे, गेथिन."

डेलिथ होती. हातात किटली तशीच.

"तो तुझ्या भरवशावर दारूतून बाहेर आला. आणि आज तीच तू त्याच्या तोंडावर ओततोस?" ती लोकांकडे वळली. "टाकी आमची फुटली. बारा तारखेला. बादल्या मी मारल्या. त्या मुलीचा काही संबंध नाही."

गेथिन म्हणाला, "डेलिथ, खाली बस."

"मी सकाळपासून उभीच आहे," ती म्हणाली आणि बर्विनचा कप भरला.

कुणीच चहा प्यायलं नाही. बर्विनने ठराव मांडला, टॅम्सिनचं सभासदत्व परत, लेखी माफी. हात वर झाले, पण सावकाश, इकडेतिकडे बघत. मागे बघितलं तेव्हा शेवटच्या रांगेत ती नव्हती. कधी उठून गेली, कुणी बघितलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नदीखात्याची माणसं गेथिनकडे येऊन गेली. त्याने अध्यक्षपद सोडलं. गावात लोक मला नमस्कार करतात आणि थांबत नाहीत. कसायाच्या दुकानात एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मित्राला कोणी असं चव्हाट्यावर आणतं का?" सकाळी सहाला अजून जाग येते. खिडकीतून बघतो. येणार नाही हे माहीत असतं, आला तर दार उघडणार नाही हेही माहीत असतं.

२ नोव्हेंबर, रविवार

क्लबचं माफीपत्र द्यायला टॅम्सिनकडे गेलो. टपालाने पाठवायचं नाही, असं मीच बर्विनला सांगितलं होतं. पाऊस पडत होता. तिने फाटकाशीच पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मी जायला वळलो.

"बूट चांगले आहेत का?" तिने विचारलं.

उतारावर एक मेंढी पाठीवर पडली होती, चारी पाय आभाळाकडे. ओल्या लोकरीच्या वजनाने त्यांना उलटून उठता येत नाही. तास-दोन तास तशाच राहिल्या तर जातात. टॅम्सिन डोक्याच्या बाजूने, मी मागून. एक, दोन, आणि उभी केली. तर पुन्हा कलंडायला लागली.

"सोडू नका," टॅम्सिन म्हणाली. "पायांत रक्त यायला वेळ लागतो. उभी राहीपर्यंत धरून ठेवा." आणि ती बाकीच्या मेंढ्या बघायला वर निघून गेली.

मी दोन्ही मुठींत लोकर धरून, मेंढी माझ्या मांड्यांना टेकवून उभा राहिलो. बारीक पाऊस कॉलरमधून आत जात होता. मेंढी धापा टाकत होती. दहा मिनिटं, कदाचित पंधरा. मग तिचे मागचे पाय थरथरले, एकदा, दोनदा, आणि तिने माझ्यावरचं वजन थोडं थोडं काढून घेतलं. मी मुठी उघडल्या. ती चार पावलं गेली, थांबली, हगली आणि कळपात मिसळली.

टॅम्सिन वर काटेरी झुडपांपाशी उभी होती. तिने बघितलं. हात केला नाही, हाकही मारली नाही. मी जरा वेळ थांबलो. मग फाटक लावून, कडी बसली का ते हलवून बघून, उतरून आलो.